मागच्या चाकाचं ग्रीस: जुळे सोलापुरातल्या एका सायकलीचं प्रकरण

जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात, माझी भाची सकाळी सातला कॉलेजला निघाली. सात रस्त्याला सिग्नल सुटला, तिनं उभं राहून पायडलवर भार टाकला आणि पायडल रिकामंच खाली गेलं. चाक जागचं हललं नाही. गुडघा हँडलवर आपटला. मागची रिक्षा वेळेत थांबली म्हणून निभावलं. संध्याकाळी घरी आल्यावर ती म्हणाली, "आत्या, पायडल फिरायलंय पण चाक फिरंना झालं. दुपारी परत नीट चालली बघ."

दुपारी नीट चालली, या तीन शब्दांत अर्धं निदान होतं. आतला एखादा भाग तुटला असता तर तो दुपारीही तुटलेलाच राहिला असता. सकाळी अडतं आणि ऊन चढल्यावर सुटतं, म्हणजे आत काहीतरी थंडीनं घट्ट होत होतं. सोलापूरची थंडी ती केवढी, पहाटे चौदा-पंधरा अंश. पण जिथे केसासारखी बारीक स्प्रिंग काम करते तिथे तेवढीही पुरते.

सायकल साधीच. २६ इंची चाकं, लोखंडी फ्रेम, मागे सात गिअरचं फ्रीव्हील (पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारा दातेरी भाग), दोन्ही हबमध्ये, म्हणजे चाकांच्या मधल्या तुंब्यांत, सुटे छर्रे आणि ते ज्यांच्यामध्ये फिरतात ते कोन-वाटी. चार वर्षं वापरातली. जुळे सोलापूर ते कॉलेज, येऊन-जाऊन दहा किलोमीटर. कॉलेजच्या स्टँडला सावली नाही, दिवसभर उन्हात उभी. रस्त्यावर आठ महिने धूळ आणि उरलेले चार महिने काळ्या मातीचा चिखल, जो वाळला की खरवडून काढावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत ती एका दुकानात ओव्हरऑइल, म्हणजे सगळी खोलून, धुऊन, ग्रीस भरून आणली होती. तोवर ग्रीस म्हणजे ग्रीस, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

उघडल्यावर काय दिसलं

रविवारी अंगणात गोणपाट अंथरून मागचं चाक काढलं. फ्रीव्हील सोडवायला खाचांचा पाना आणि वस्तू आवळून धरणारा शेगडा (वाइस) लागतो. शेगडा आमच्याकडे नव्हता. शेजारचे अण्णा यंत्रमागांवर चाळीस वर्षं फिटर होते, त्यांच्याकडे तो होता. फ्रीव्हील निघालं तसं त्याच्या मागच्या फटीतून पिवळट ग्रीस बाहेर आलं, बोटानं दाबून भरलेलं.

हे चुकीचं होतं. फ्रीव्हीलमध्ये छोट्या खिट्ट्या असतात. बारीक स्प्रिंग त्यांना बाहेर ढकलते आणि त्या दातांत बसल्या की पायडलचा जोर चाकाला मिळतो. पायडल थांबवलं की त्याच खिट्ट्या दातांवरून टकटक करत सरकतात. त्या आवाजानंच आपण सायकल ओळखतो. तिथे घट्ट ग्रीस भरलं तर स्प्रिंगचा जोर अपुरा पडतो, खिट्टी ग्रीसमध्ये रुतून आतच राहते आणि पायडल रिकामं फिरतं. तिथे पातळ तेलच हवं. आम्ही फ्रीव्हील डिझेलमध्ये बुडवून, फिरवून, पुन्हा बुडवून धुतलं. टकटक खणखणीत ऐकू यायला लागली तेव्हा निथळत ठेवलं आणि मग शिलाई मशीनच्या तेलाचे सात-आठ थेंब सोडले. अपघाताचं कारण इथे संपलं.

पण चाक हातात होतंच, म्हणून एक्सल, म्हणजे चाकाचा आस, हातानं फिरवून पाहिला. बोटांना खरखर लागली. हब उघडला. डाव्या बाजूचं ग्रीस पिवळं होतं. उजव्या बाजूचं राखाडी झालं होतं आणि उन्हात धरल्यावर त्यात चांदीसारखे कण चमकत होते. ती चमक म्हणजे झिजलेलं लोखंड. ग्रीस दुधाच्या चहासारखं झालं असेल तर आत पाणी गेलंय, काळपट होऊन चमकत असेल तर धातू झिजतोय. हे दोन रंग ओळखता आले तरी निम्मं काम होतं.

कोन पुसून घेतला आणि बॉलपेनचं टोक त्याच्या गुळगुळीत पट्ट्यावरून हळू फिरवलं. डोळ्यांना जे दिसत नाही ते पेनच्या टोकाला कळतं. तीन ठिकाणी टोक अडकलं. छर्रे ज्या वाटेनं पळतात तिथे खड्डे पडले होते. वाट्यांवरूनही टोक फिरवलं. तिथे कुठेच अडकलं नाही, नाहीतर हबच बदलावा लागला असता. उजवी बाजू आधी का गेली त्याला कारण आहे. अशा फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला बसतात. त्यांच्यापुढे एक्सलचा बराच तुकडा आधाराशिवाय राहतो आणि चेनचा ओढही त्याच बाजूला येतो. एक्सल काचेवर लोळवून पाहिला तर एक टोक किंचित डुलत होतं.

खड्डे पडलेला कोन कुठल्याही ग्रीसनं बरा होत नाही. नवा कोन, नवा एक्सल, नवे छर्रे घ्यायचे हे ठरलंच. प्रश्न उरला तो असा: नव्या भागांत काय भरायचं?

जुन्या ग्रीसचा दोष नेमका कुठला?

दिवाळीला भरलेलं ग्रीस सुट्टं होतं. मी त्याच दुकानात जाऊन थोडं मागून आणलं, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मिळालं. डबा उघडाच ठेवलेला असतो, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. मिस्त्री कामाला चांगले आहेत, चाकाची आउट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. पण रस्त्याकडेच्या उघड्या डब्यात दिवसभर काय उडून पडत असेल ते सोलापूरकराला सांगायला नको.

तपासायची एक रीत आहे. प्रयोगशाळेत ग्रीसमधली कचकच शोधायला ते दोन गुळगुळीत प्लास्टिकच्या पट्ट्यांमध्ये दाबून घासतात आणि पट्टीवरचे ओरखडे मोजतात. मी जुन्या सीडीच्या डब्यांची झाकणं घेतली. वाटाण्याएवढं ग्रीस मध्ये ठेवलं, दाबलं, थोडं फिरवलं, पुसलं आणि खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. सुट्ट्या ग्रीसनं झाकणावर सरळ बारीक रेघा उठल्या. तीनदा केलं, तीनदा उठल्या. घरातल्या बंद डब्यातलं ग्रीस तसंच घासलं तर झाकण साफ राहिलं.

हबमधल्या छर्‍याच्या आणि कोनाच्या मध्ये हीच रेघ रोज हजारो वेळा ओढली जात होती.

दुकानात काय मिळतं

ग्रीस म्हणजे तेल आणि त्याला धरून ठेवणारा साबण. साबणाची जाळी स्पंजासारखी तेल धरते आणि दाब पडला की थोडं थोडं सोडते. वंगण खरं तेलच करतं, साबण त्याला जागेवर राखतो. साबण कॅल्शियमचा असेल तर ग्रीस पाण्याला चांगलं टिकतं पण उष्णता फार सोसत नाही. जुन्या पद्धतीचं कॅल्शियम ग्रीस शंभर अंशांच्या आसपासच पातळ होऊन गळतं. लिथियमचं ग्रीस साधारण १८० अंशांपर्यंत टिकतं आणि पाण्यालाही बऱ्यापैकी दाद देत नाही. लिथियम कॉम्प्लेक्स त्याच्याही वर जातं. सोडियमच्या साबणाचं ग्रीस पाण्यात विरघळतं, सायकलीला ते नकोच.

दुसरी गोष्ट घट्टपणा. त्याचे अमेरिकेतल्या एनएलजीआय या संस्थेनं ठरवलेले क्रमांक असतात, तीन शून्यांपासून सहापर्यंत. २५ अंशांना, आधी घुसळून घेतलेल्या ग्रीसवर ठरावीक वजनाचा शंकू सोडतात आणि पाच सेकंदांत तो किती रुततो ते मोजतात. क्रमांक २ मध्ये तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुततो, क्रमांक ३ मध्ये २२ ते २५. बोटाला सांगायचं तर २ म्हणजे मऊ पडलेलं लोणी आणि ३ म्हणजे डालडा. ऑटोमोबाईलच्या दुकानात ‘एपी-थ्री द्या’ म्हटलं की जे मिळतं त्यातला तीन हा हाच.

रंगावरून काही ठरत नाही. निळं, लाल, हिरवं हा कंपनीनं घातलेला रंग असतो. दुकानदार ‘निळं भारी असतं’ म्हणाला, तर डब्यावर साबण कुठला आणि क्रमांक कुठला ते वाचायचं.

मी जमवलेलं असं: ते सुट्टं पिवळं, घरात असलेलं एपी-थ्री, क्रमांक २ चं निळं लिथियम कॉम्प्लेक्स, पाट्यांच्या स्प्रिंगांना लावतात ते ग्राफाइटचं काळं, भाचीच्या मैत्रिणीच्या भावानं दिलेली सायकलसाठीची परदेशी ट्यूब, आणि व्हॅसलिन. व्हॅसलिन अशासाठी की ‘घरात आहे तेच लावा’ असं तिघांनी तरी सांगितलं होतं.

फेब्रुवारी ते मे

सायकल तोवर थांबवून चालणार नव्हतं. मागच्या हबमध्ये जुनाच कोन ठेवून, सगळं धुऊन, बंद डब्यातलं एपी-थ्री भरलं आणि चाक परत बसवलं. हीसुद्धा एक चाचणीच झाली, ती पुढे उपयोगी पडली.

हॅकसॉच्या सहा जुन्या पाती घासून चकचकीत केल्या, प्रत्येकीवर नखाएवढ्या जाडीचा थर दिला, आणि बादलीत काळी माती कालवून त्यात टांगल्या. रोज संध्याकाळी काठीनं ढवळायचं. पाणी चार-पाच दिवसांआड येतं अशा गावात बादलीभर पाणी पंधरा दिवस याला दिलं हे घरात कोणालाच पटलं नाही. शेवटी ते गुलमोहराला घातलं, अर्थात ग्रीस लागलेला वरचा थर गाळून.

पंधरा दिवसांनी पाती काढल्या आणि माझा एक समज मोडला. सुट्टं पिवळं ग्रीस पाण्यात उत्तम टिकलं होतं, खाली पातं कोरडं आणि चकचकीत. बहुधा ते कॅल्शियमचं असावं. म्हणजे जात वाईट नव्हती, त्यात पडलेली माती वाईट होती. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण आपण चटकन ‘स्वस्त ग्रीस खराब’ म्हणून मोकळे होतो. एपी-थ्री आणि निळं ग्रीस वरून किंचित पांढुरकं झालं, आत तसंच. परदेशी ट्यूबही तशीच. ग्राफाइटवालं टिकलं, पण बादली, हात, साडीचा पदर सगळं काळं करून. शिवाय जिथे लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकतात आणि ओलावा असतो तिथे ग्राफाइट गंजायला मदत करतं. म्हणून ते सायकलीतून बाद.

मे महिन्यात दुसरी चाचणी. गच्चीवर काळ्या रंगाचा पत्रा तिरपा ठेवून त्यावर सहा ठिपके दिले. त्या आठवड्यात पारा ४२ च्या वर होता आणि पत्र्याला हात लागत नव्हता. व्हॅसलिन साडेअकराच्या आत ओघळून खाली पोचलं. पिवळ्या ग्रीसभोवती तेलाचं कडं पसरलं. बाकीचे ठिपके जागेवर. व्हॅसलिनमध्ये साबणाची जाळी नसतेच, ते मेणासारखं वितळतं. बिनसावलीच्या स्टँडला उभ्या राहणाऱ्या सायकलीत ते भरणं म्हणजे उन्हाळ्यात हब कोरडा पाडणं.

या दोन चाचण्यांत एपी-थ्री, निळं आणि परदेशी ट्यूब यांच्यात मला फरक दिसला नाही. ट्यूब हाताला फार छान, पिळायला सोपी, माती शिरायला जागा नाही. पण अर्धा किलोच्या डब्याच्या पैशांत ती बोटभर ट्यूबही आली नसती. आणि हबच्या एका बाजूला लागतं किती? चहाच्या चमच्याएवढं. अर्धा किलो एका घराला सरता सरणार नाही. आम्ही तो डबा तिघांत वाटून घेतला, झाकण घट्ट लागणाऱ्या छोट्या बरण्यांमध्ये. डब्यात बोट घालायचं नाही, स्वच्छ चमचा घालायचा, हा नियम बरणीवरच लिहिला.

डब्यांवर मोठ्या अक्षरांत उष्णतेचे आकडे असतात त्यांनी मीही आधी गांगरले होते. ते आकडे मोटारीच्या चाकासाठी आहेत, जिथे ब्रेक शेजारीच तापतो. सायकलीचा हब तापतच नाही. अपवाद एकच, पायडल उलटं दाबून लागणारा ब्रेक ज्या हबच्या आत असतो तो. तिथे उष्णता सोसणारंच ग्रीस हवं. आपल्या रिमब्रेकच्या सायकलीला १८० अंश काय आणि २६० अंश काय, सारखंच.

अण्णांचा आक्षेप

नवे भाग मृगाच्या आधी बसवायचे ठरवलं होतं. जूनच्या पहिल्या रविवारी पुन्हा गोणपाट अंथरलं. आधी एपी-थ्रीवर पाच महिने चाललेला हब उघडला. आतलं ग्रीस जवळजवळ जसंच्या तसं, फक्त छर्‍यांच्या वाटेवरून दोन्ही बाजूंना ढकललं गेलेलं. शेतात बैलगाडीची चाकोरी पडते तशी मध्ये चाकोरी, आणि कडेचं घट्ट ग्रीस त्या चाकोरीत परत उतरलेलं नव्हतं. खड्डे पडलेला कोन तेवढ्यानं आणखी फारसा बिघडला नव्हता, म्हणजे एपी-थ्री हबमध्ये अजिबात चालत नाही असं नाही. पण चाकोरीत परत उतरेल असं किंचित मऊ, क्रमांक २ चं, मला जास्त योग्य वाटलं. म्हणून हबसाठी निळं निवडलं.

धुण्याबद्दल थोडं सांगते, कारण इथेच घाई होते. रॉकेल आता मिळत नाही, डिझेल चालतं. पेट्रोलनं काम लवकर होतं पण ते घरात, गॅसजवळ अजिबात वापरू नये. जुनं ग्रीस शेवटच्या कणापर्यंत काढायचं, कारण दोन वेगळ्या साबणांची ग्रीसं एकत्र आली की काही वेळा जाळी मोडते आणि सगळंच पातळ होऊन गळतं. लिथियम आणि लिथियम कॉम्प्लेक्स एकमेकांशी जमवून घेतात. पण दुकानातून काय भरून आलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. आणि पुसायला टर्किश टॉवेलचा तुकडा घ्यायचा नाही. सोलापुरात घरोघरी टॉवेलाचे आणि चादरीचे तुकडे पडलेले असतात, हात आपोआप तिकडेच जातो. त्याचे धागे वाटीत राहतात आणि छर्‍यांखाली गुंडाळले जातात. मी जुन्या धोतराचा फडका घेतला. मळकं डिझेल बाटलीत भरून ठेवलं. गाळ खाली बसला की वरचं पुढच्या वेळी वापरता येतं, गटारात ओतायचं नसतं.

वाटीत ग्रीस भरलं, त्यात एकेक छर्रा रोवला. मागच्या हबला एका बाजूला पाव इंची नऊ. नवे छर्रे पूर्ण संच म्हणूनच घेतले, कारण जुन्यात दोन-चार नवे घातले तर झिजलेल्यांपेक्षा नवे किंचित मोठे असल्यानं सगळा भार त्यांच्यावरच येतो. छर्‍यांवरून पुन्हा ग्रीस, वाटी काठोकाठ.

इथे अण्णांनी हात धरला. "ताई, एवढं ठासून भरू नका. तिसरा हिस्सा भरायचा. मोटारीचं बेअरिंग असंच जळतंय."

अण्णांचं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नव्हतं. त्यांनी आयुष्यभर मागांच्या मोटारी सांभाळल्या आहेत. वेगानं फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये ग्रीस जास्त झालं की छर्रे ते घुसळत राहतात, घुसळण्यानं उष्णता होते, तेल पातळ होऊन बाहेर पडतं आणि बेअरिंग जातं. हे अगदी खरं आहे. पण मग आम्ही दोघांनी पाटीवर हिशेब केला. विजेच्या साध्या मोटारीचे फेरे मिनिटाला १४४० च्या आसपास. सायकलीचं २६ इंची चाक एका फेऱ्यात दोन मीटरच्या थोडं वर जातं. भाची ताशी १५ किलोमीटरनं गेली तर मिनिटाला अडीचशे मीटर, म्हणजे चाकाचे फेरे १२० च्या जवळपास. बारा पट कमी. इतक्या संथ बेअरिंगमध्ये घुसळून तापण्यासारखं काही नसतं. उलट मोकळी सोडलेली जागा धूळ आणि पाणी भरून काढतं, कारण या हबला रबरी सील नाही, नुसती पत्र्याची टोपी आहे. तिथे ग्रीस हेच सील.

अण्णा थोडा वेळ पाटीकडे बघत बसले. मग म्हणाले, "मग भरा. अन् बाहेर आलेलं पुसू नका लगेच. दोन दिवस चालवा, मग पुसा." हा सल्ला मी त्यांच्याकडूनच शिकले आणि तो बरोबर आहे. दोन दिवसांनी जास्तीचं आपोआप बाहेर येतं आणि टोपीच्या कडेला एक कडं उरतं, ते तसंच राहू द्यायचं.

कोन आवळताना एक्सल हातानं फिरवला तर लोण्यासारखा फिरावा आणि रिम धरून बाजूला हलवली तर डुलू नये. ग्रीस कितीही चांगलं असलं तरी कोन जास्त आवळला तर छर्रे ग्रीस फाडून सरळ लोखंडावर चालतात. मी दोनदा सोडून पुन्हा लावला.

त्याच दिवशी बाकीची कामंही उरकली. सीटचा अ‍ॅल्युमिनियमचा दांडा ग्रीस लावून बसवला, नाहीतर लोखंडी फ्रेममध्ये तो कालांतरानं असा धरतो की करवतीनंच काढावा लागतो. पायडलच्या आट्यांना ग्रीस, आणि डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं हे लक्षात ठेवून. क्रँकमधलं बेअरिंग बंद नळीचं आहे, ते उघडत नाही, फक्त बाहेरच्या आट्यांना ग्रीस. चेनला ग्रीस लावायचंच नाही. काळ्या मातीत ती दोन दिवसांत करवतीसारखी होते. चेनला तेल, आणि तेल लावून बाहेरून कोरडी पुसायची. हँडलच्या खालच्या आणि वरच्या वाट्यांतही निळंच भरलं.

पावसाळ्यानंतर

यंदा सप्टेंबरात चांगला पाऊस झाला. विजापूर रोडला गुडघाभर पाण्यातून सायकल दोनदा ढकलत आणावी लागली. दसऱ्यानंतर सगळं उघडलं. चार महिने, साधारण हजार किलोमीटर.

मागचा हब, उजवी बाजू: ग्रीस निळंच, कडेला थोडं मळकट, कोनावर पेनचं टोक कुठेच अडकलं नाही. डावी बाजू: टोपीजवळचा थर पांढुरका झालेला, आतला साफ. म्हणजे पाणी शिरायला आलं आणि ग्रीसच्या कड्यावर थांबलं. वाटी तिसरा हिस्साच भरली असती तर ते छर्‍यांपर्यंत पोचलं असतं असं मला ठाम वाटतं. पुढचा हबही ठीक.

हँडलची खालची वाटी मात्र बिघडली होती. तिथलं ग्रीस दुधाच्या चहासारखं झालं होतं, अर्धं धुऊन गेलेलं, वाटीच्या कडेला गंजाची तांबूस रेघ. हँडल सरळ धरून हळूच डावी-उजवीकडे वळवलं तर मधोमध एक हलका खटका लागत होता.

याचा विचार मी आधी करायला हवा होता. हबमध्ये छर्रे सतत फिरतात, ग्रीस पुन्हा पुन्हा त्यांच्यावर ओढलं जातं. हँडलच्या वाटीत ते फिरतच नाहीत, दोन-चार अंश इकडेतिकडे हलतात आणि रस्त्याचा प्रत्येक दणका त्याच जागी सोसतात. शिवाय पुढच्या चाकावरून उडणारं पाणी थेट तिथेच लागतं, आणि आमच्या पुढच्या मडगार्डची लांबी अपुरी आहे. म्हणजे तिथे मऊ, परत उतरणारं ग्रीस काही कामाचं नाही. जागेवर चिकटून बसेल आणि पाण्याला अंगावर घेईल असं घट्ट हवं. हबसाठी मी जे मागे ठेवलं होतं ते एपी-थ्री इथे बसतं.

खालची वाटी आणि छर्रे बदलले, एपी-थ्री काठोकाठ भरलं, आणि जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा कापून चिमटा (पुढचं चाक धरणारा फाटा) बसवताना त्या जोडावर ओढून घेतला. रबर घट्ट बसलं की चिखल आत जात नाही. मडगार्डच्या टोकाला त्याच ट्यूबची एक झालर बांधली. सायकल गाड्या धुण्याच्या केंद्रावर जोराच्या फवाऱ्याखाली न्यायची नाही हेही घरात सांगून ठेवलं. तो फवारा कुठल्याही ग्रीसला दाद देत नाही.

आता फळीवर दोन बरण्या आहेत. एकीवर ‘हब’, दुसरीवर ‘हँडल आणि आट्या’, आणि दोन्हींवर भरल्याची तारीख. तिसरी, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली, तिच्यावर भाचीनं स्वतःच्या अक्षरात ‘फ्रीव्हील, ग्रीस नाही’ असं लिहिलंय. पुढचा हब या वेळी तिनंच उघडला. दहा छर्रे बशीत मोजून ठेवले, पेन मागितलं आणि कोनावरून फिरवताना डोळे मिटून घेतले.